सड्यावरच्या शाळेचा नंबर

८ जानेवारी १९८९, रविवार
हे दुपारच्या गाडीने गेले. मु. स्टँडवर रडली नाही, पण गाडी सुटल्यावर घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही. आठ वर्षांची झाली मुक्ता, आणि बाबा म्हणजे पंधरा दिवसांनी येणारे पाहुणे. ह्यांची शाळा वेळणेश्वरच्या वर, सड्याच्या कातळमाळावरच्या वाडीत. एकशिक्षकी. मी इथे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणार, ते तिथे. बदलीचा अर्ज दरवर्षी. उत्तरही दरवर्षी तेच, त्या वाडीवर जायला दुसरा मास्तर तयार नाही.
संक्रांत आहे म्हणून शनिवारी परत येतो म्हणाले. बघू.
उद्यापासून कार्यशाळा.

९ जाने., सोम.
पुण्याहून देवधर सर आलेत. इंग्लंडात दोन वर्षं राहून ही नवी पद्धत शिकून आले. मल्टिलेव्हल मॉडेल. सर 'बहुस्तरीय' म्हणतात. कॉलेजचा एकच कॉम्प्युटर, भोवती आम्ही सगळे. दापोलीचे दोघं आंब्यावर काम करणारे, खेडच्या कॉलेजातले साठे, आणि हमीदा. ती किनाऱ्यावरच्या गावांतून मुलांच्या आहारावर काम करते. माझ्याच बाकावर बसली, बरं वाटलं.
सर म्हणाले, "मूल शाळेत, शाळा तालुक्यात. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी निघतात. ती सुटी सुटी मोजलीत तर फसाल."
दापोलीचे एक लगेच, "म्हणजे आंबा झाडाला, झाड बागेत."
"अगदी."
सरावाला चौथीच्या परीक्षेचे मार्क. शिक्षण खात्याच्या साहेबांनी दिलेत. फुकट नाही. शेवटच्या दिवशी ते स्वतः ऐकायला येणार. मागे पडलेल्या लहान शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत घालायची आहेत, कुठल्या ते आम्ही सांगायचं.
हा सराव कसला.

१० जाने., मंगळ.
सकाळभर लाईट नाही. सर फळ्यावर शिकवत राहिले. अर्धं कळलं. साठे पुन्हा पुन्हा तेच, "सरासरी काढली की झालं, एवढा खटाटोप कशाला?" सर चिडत नाहीत. मी चिडले असते.
तालुके वाटून दिले. गुहागर, म्हणजे ह्यांचाच तालुका, आमच्याकडे आला, हमीदा आणि मी. नको म्हणायला हवं होतं का? का म्हणून, हे सांगावं लागलं असतं.

११ जाने., बुध.
आधी साधी सरासरी काढून शाळा ओळीने लावल्या. ह्यांची शाळा शेवटून दुसरी.
आधी वाटलं चुकलं. परत केलं. तेच.
आणि मग जे वाटलं ते इथेच लिहिते, बाहेर कुठे बोलता येणार नाही. आनंद झाला. शाळा बंद झाली तर ह्यांना दुसरीकडे द्यावंच लागेल. इकडे. घरी. मु.ला रोज बाबा.
हमीदाने पाहिलं माझ्याकडे. "काय झालं गं?"
सांगितलं तिला. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला फक्त.

१३ जाने., शुक्र.
आज सरांनी खरी गोष्ट सांगितली. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती का जमते? सगळी शितं एकाच आधणात शिजलेली म्हणून. मुलांचं तसं नाही. दोनशे मुलांच्या शाळेत एखादं आजारी पडलं तर सरासरी हलत नाही. नऊ मुलांच्या शाळेत तिघं पडली की शाळा तळाला. आणि तीन हुशार निघाली की तीच पहिली. म्हणून यादीच्या वरही लहान शाळा, खालीही लहान शाळा. ही पद्धत लहान शाळेचा आकडा मधल्याकडे ओढते, कारण तेवढ्या मुलांवरून ठाम बोलता येत नाही.
मी वर पाहिलं यादीत. खरंच की. पहिल्या तीन शाळा, तिन्ही वाड्यांवरच्या.
हे परवाच कसं दिसलं नाही मला?
दिसलं नाही, की बघितलं नाही.

१४ जाने., शनि. संक्रांत
हे आले. तिळगूळ झाला. मु. खेळायला गेल्यावर सांगितलं.
"शेवटून दुसरी?"
"साधी सरासरी काढली तर."
हातातला लाडू ताटलीत ठेवला त्यांनी. "अगो, परीक्षेच्या आठवड्यात गोवर होता वाडीत. तीन पोरं अंथरुणातून उठून आली होती. एकाला तर मी उचलून आणला."
"ते मार्कांत येत नाही."
"मग काय येतं तुझ्या मार्कांत?"
मी वेगळंच बोलले. शाळा बंद झाली तर बदली इकडे होईल म्हटलं.
त्यांनी ताटली बाजूला सारली. "तुला हवंय हे?"
"मु.ला हवंय."
"मी तुला विचारलं."

१५ जाने., रवि.
सकाळपासून दोघंही मु.शीच बोलत होतो. स्टँडवर निघताना म्हणाले, "खालची शाळा लांब नाही गो, पण वाट घाटीची. मुलगे जातील. पोरींना कोण धाडणार?" गाडी आली. पुढचं राहिलं.

१६ जाने., सोम.
हमीदाला विचारलं पोरींचं. ती हसली, चांगलं हसू नव्हतं ते. "आमच्या मोहल्ल्यातली शाळा पलीकडे नेली, तेव्हा माझ्या वर्गातल्या पोरी बसल्या घरी. एकपण आली नाय. मी गेले, कारण माझा बाप दर्यावर होता नि आई कुणाचं ऐकणारी नव्हती."
मग म्हणाली, "तुला काय पायजे ते मला कळतंय. माझा नवरा मस्कतला आहे."
मॉडेल उद्या चालेल. लाईट राहिली तर.

१७ जाने., मंगळ.
चाललं. दोनदा अडलं, सरांनी सोडवलं. ह्यांची शाळा तळातून उठून जवळपास मधे आली. पण आकड्याच्या दोन्ही बाजूंना अंदाज चुकायला एवढी जागा सुटलेली की ती चांगलीही असू शकेल, वाईटही. तशाच बाकीच्या वाड्यांच्या शाळा. एका मोठ्या शाळेबद्दल मात्र ठाम सांगता येतं, ती मागे आहे. तिच्याबद्दल कोणी विचारलेलंच नाही.
सर म्हणाले, "उद्या तुम्ही मांडा."
मी म्हटलं, साठ्यांना द्या.
"साठे सरासरी मांडतील."
सरांना ह्यांचं माहीत नाही. सांगणार होते. फाइलच आवरत बसले.
साधी यादीही फायलीत आहे. तीच वाचली तर खोटं काही नाही, आकडे तर खरेच. साहेब खूश, साठे खूश. मार्चपर्यंत हे घरी.


१८ जाने., बुध.
मांडलं. दोन्ही मांडलं, आधी यादी, मग मॉडेल.
साहेब शांतपणे ऐकत होते. मग, "म्हणजे ही सड्यावरची शाळा चांगली आहे असं म्हणायचंय तुम्हाला?"
"नाही साहेब. वाईट आहे असं म्हणता येत नाही, एवढंच."
"मग मी लिहू काय? बंद की चालू?"
"एवढ्या मार्कांवरून बंद करू नये. दोन-तीन वर्षांचे मार्क बघावेत."
तेवढ्यात साठे. आवाज अगदी गोड. "साहेब, एक सांगायला हवं. बाईंचे यजमान त्याच शाळेवर आहेत."
सगळे माझ्याकडे. देवधर सरसुद्धा. त्यांचा चेहरा बघवला नाही.
म्हटलं, "हो, आहेत. आणि शाळा बंद झाली तर त्यांची बदली इथे होईल. आम्ही नऊ वर्षं त्याचीच वाट बघतोय. मला ती बंद व्हायला हवी आहे."
साठे खाली बघायला लागले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बसा बाई," म्हणाले. एवढंच. कागद मात्र दोन्ही नेले. निर्णय मार्चमध्ये.
जाताना दे. सर दारात थांबले. "मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही."
"हो सर."
"मी दुसऱ्याला उभं केलं असतं." जरा थांबून, "आणि ते इतकं नीट झालं नसतं."
चांगलं म्हणाले की वाईट, अजून ठरत नाही.

१९ जाने., गुरु.
समारोप. हमीदाने मु.साठी सुकवलेली कोकमं दिली. दापोलीवाल्यांनी येत्या मोसमात बागेत बोलावलंय, मोहोर यंदा चांगला म्हणतात.
रिकामं रिकामं वाटतंय. आपण आपल्याच हाताने...

२१ जाने., शनि.
हे न कळवता आले. लागोपाठ तिसरा शनिवार. मु.ला भूत बघितल्यासारखं झालं, मग गळ्यातच पडली.
सगळं सांगितलं, साठ्यांसकट. मी काय बोलले तेही. वाटलं होतं, खूश होतील. शाळेसाठी भांडले ना मी.
ते म्हणाले, "मला बंद व्हायला हवी आहे, असं म्हणालीस? सगळ्यांदेखत?"
"खरं तेच म्हटलं."
खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग हळू आवाजात, "एक सांगू? गोवर होता हे खरं. पण दोघी पोरी अजून जोडाक्षर वाचत नाहीत. गोवर नव्हता तेव्हाही वाचत नव्हत्या. चार वर्गांना एकटा पुरत नाही मी. शाळा खरंच मागे असेल. मला कळत नाही."
इतक्या वर्षांत असं कधी बोलले नव्हते.
"मलाही नाही कळत," म्हटलं. "मॉडेललाही नाही."

२२ जाने., रवि.
सकाळी चहा घेताना म्हणाले, "तू ये ना. चार दिवस राहा. त्या दोघींना घेऊन बस, बघ कुठे अडतं ते."
इतक्या वर्षांत मी त्या वाडीवर दोनदाच गेलेय. दोन्ही वेळा बदलीचं बोलायला.
मु. दारातून, "मी पण!"
कॉलेजच्या रजेचा अर्ज लिहिला. मिळेल बहुतेक. साहेबांकडून काही नाही, इतक्यात येणारही नाही.
स्टँडवर गाडीत चढता चढता ह्यांनी विचारलं, "पोरांना काय सांगू, कोण येतंय? परीक्षा घेणाऱ्या बाई म्हटलं तर निम्मी घरी बसतील."
कंडक्टरने घंटी मारली. मु.च ओरडली खालून, "सांगा, मुक्ता येतेय!"