माझं वाळुंज, त्याचं वाळुंज

१२ मार्च
आज सकाळी चर्चला निघण्याआधी बर्फ तुडवत बागेत गेलो आणि वाळुंजाच्या झाडाच्या डहाळीवरून बोट फिरवलं. मऊ, लवेची बोंडं आहेत! दलदलीच्या कडेचं रोप खणून आणलं होतं, ते इतक्या वर्षांनी यंदा पहिल्यांदा धरलंय.
आता ईस्टरआधीच्या बोंडांच्या रविवारी बायकोला, व्हेनेरांडाला, डहाळ्या मागायला शेजारी आल्फोन्सकडे जायला नको. झाड त्यासाठीच लावलं. तिला सांगितलं होतं — मधमाश्यांसाठी.

१३ मार्च
देखणा नाही तो आल्फोन्स. विधुर, टकला, माझ्याहून मोठा. पण त्याच्या कुंपणाशी उभी राहून ती हसते. घरी तशी हसत नाही.
आमच्या लाटगाले प्रांतात त्या रविवारी पहाटे जो आधी उठेल, त्यानं निजलेल्यांना वाळुंजाच्या डहाळीनं फटके द्यायचे आणि वर्षभर निरोगी राहा म्हणायचं. जितका जोराचा फटका, तितकी चांगली तब्येत. गेल्या वर्षी मी जागा झालो तर अंथरूण रिकामं! बायको आल्फोन्सला मारून आली होती. "एकटा माणूस. त्याला कोण उठवणार?" मला फटका द्यायचं तिचं राहूनच गेलं.
तो वर्षभर साधा खोकलाही नाही. मला दोनदा ताप.

१९ मार्च
व्हेनेरांडानं आमची एक डहाळी कापून खिडकीत पाण्यात ठेवली. "उबेनं लवकर फुलेल." मनात म्हटलं, झालं! यंदा तिकडे जाणं नाही.

२५ मार्च
हिरवी!
चंदेरी लव जेमतेम, आणि त्यातून हिरव्या अळीसारखं काहीतरी बाहेर आलेलं. पिवळा पराग नावाला नाही. नेमका आल्फोन्स अंडी द्यायला आलेला. खिडकीकडे बघून म्हणाला, "डोनाट, अरे ही तर मादी! पानं बघून रोप आणलंस ना? पानांवरून नाही कळत, फुलल्यावरच कळतं."
"मग?"
"मग काय! माझं झाड नर आहे. माश्या आणतील पराग इकडे. तू काळजी नको करूस."
व्हेनेरांडा हसून हसून टेबलावर वाकली. मी बाहेर जाऊन लाकडं फोडली. नको होती, तरी फोडली.

२६ मार्च
पापनिवेदनाला गेलो. म्हणालो, राग येतो. "कुणाचा?" फादरनी विचारलं. "झाडाचा." ते म्हणाले, "झाडाचं नाव काय, डोनाट?"
सांगितलं नाही.

२९ मार्च
करवत घेऊन बागेत गेलो. व्हेनेरांडा दारात उभी.
"माश्यांसाठी लावलंस ना? मग येऊ देत माश्या."
करवत खाली ठेवली. विचारलं, "रविवारी जाणार?"
"जाणार."
"का?"
"बायको गेल्यापासून त्या माणसाला कुणी हात लावलेला नाही, डोनाट. डहाळीनं का होईना."

३० मार्च
रात्रीची जपमाळ म्हणताना अर्ध्यावरच सुटली. डोळे मिटले की तीच दिसते — हातात डहाळी, समोर त्याचं अंथरूण. मेरीमाते, हे मन माझं नाही!
माझंच आहे.

१ एप्रिल
ठरवलं. तिला जाऊ द्यायचं नाही. आणि त्याला तसंच निजू द्यायचंही नाही.

२ एप्रिल, बोंडांचा रविवार
ती उठायच्या आत उठलो. माझ्याच झाडाची डहाळी कापली. मादी तर मादी! आल्फोन्सच्या दाराला कडी नव्हती. तो घोरत होता. मी मारलं. जोरात मारलं, पुन्हा मारलं.
तो धडपडत उठून बसला. मला बघितलं. डोळे भरले त्याचे.
"इतक्या जोरात? आता शंभरी गाठणार मी."
"गाठ," मी म्हणालो. आणि मला खरंच तसं वाटलं.