बाळूचा ब्लॉक

मी, धोंडू महादेव मेस्त्री, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा सुतारकाम, हल्लीचा धंदा घरात बसून सूचना करणे, राहणार दहिसर पूर्व, आज सकाळचा चहा पिऊन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला न जुमानता माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. दर्शना सामंत यांनी दिला आहे. हॉलमध्ये अजगर पाळला आहे हे कळल्यावर त्यांनी मला आणखी दोन-चार प्रश्न विचारले, पण दाखला दिला. याआधी मी एक कच्चा मसुदा केला होता. तो रद्द समजावा. का, ते शेवटच्या कलमात येईल.

कलम १. माझे वारस म्हणजे पत्नी सौ. द्रौपदी, मुलगा राजेश (राहणार मुलुंड) आणि मुलगी दिशा (राहणार घाटकोपर). बाळू कायद्याने वारस होत नाही, पण हे मृत्युपत्र करण्याचे खरे कारण तोच आहे. बाळू म्हणजे बॉल पायथन, आफ्रिकेतला बिनविषारी छोटा अजगर. लांबी चार फूट, स्वभाव आळशी. प्राण्यांचे डॉक्टर म्हणतात की नीट सांभाळला तर तो अजून वीस वर्षे सहज काढेल. माझी मागच्या वर्षी बायपास झाली आहे. तेव्हा कोण कोणाच्या मागे राहणार हे उघड आहे, आणि माझ्यानंतर त्याचे काय, या काळजीने मला दुपारची झोप लागत नाही.

कलम २. बाळूला राजेशने आणले, लग्नाच्या आधी. लग्न ठरल्यावर अनुपमाने स्पष्ट सांगितले की साप असलेल्या घरात ती पाऊल ठेवणार नाही. सुनेवर माझा राग नाही, तिने वेळेवर तोंड उघडले. राजेश मात्र "पंधरा दिवस सांभाळा" म्हणून बाळूला आमच्याकडे ठेवून मुलुंडला गेला, त्याला सहा वर्षे झाली. बाळूची सरकारी नोंदणी माझ्या नावावर करून घेण्याचे काम मात्र त्याने एका दिवसात उरकले. एवढ्या चपळाईने त्याने आजवर काहीही केलेले नाही, बारावीचा अभ्याससुद्धा.

कलम ३. बाळू आला तेव्हा प्लास्टिकच्या डब्यात होता. चार फुटांचा जीव दीड फुटाच्या डब्यात बघून मला आमच्या लालबागच्या खोलीची आठवण झाली. मी तेव्हा नुकताच काम सोडून घरी बसलो होतो आणि हात शिवशिवत होते. म्हणून त्याला घर बांधायला घेतले. आठ फूट लांब, तीन फूट खोल, चार फूट उंच. मरीन प्लाय, आतून बाहेरून सनमायका, पुढे सरकत्या काचा आणि त्यांना सोनाराच्या दुकानात असते तसले कुलूप. आत ऊब कमी-जास्त करणारा हीटर, लपायला गुहा, डुंबायला परात, चढायला पेरूची फांदी. काचा तीन जिने चढवताना शेजारी धम्मपाल गायकवाड यांनी हात लावला, त्यांचे उपकार आहेत. द्रौपदी या पेटीला "बाळूचा ब्लॉक" म्हणते. आमच्या स्वयंपाकघरापेक्षा त्यात हवा जास्त खेळते, असाही तिचा आरोप आहे, आणि तो खरा आहे.

हा ब्लॉक आतल्या खोलीत ठेवायचा होता. पण मी जन्मभर गणपतीची मखरे आणि प्रदर्शनांचे स्टॉल केले. मखर जिथे ठेवायचे तिथेच उभे करायचे आणि विसर्जन झाले की तिथेच मोडायचे, त्यामुळे दरवाजाचे माप घेण्याची मला सवयच नाही. हॉलमध्ये पेटी पूर्ण झाली, पॉलिश झाले, आणि धम्मपालभाऊंनी एका टोकाला धरून विचारले की काका, आत जाणार कशी? द्रौपदी पोट धरून हसली, दिशाला फोन लावून पुन्हा हसली. मोडून पुन्हा जोडायला माझे मन होईना. चाळीस वर्षे मी जे जे बांधले ते पाचव्या नाहीतर अकराव्या दिवशी मोडले गेले. ही एकच वस्तू टिकण्यासाठी केली होती. ती हॉलमध्येच राहिली.

कलम ४. आता पंचाईत अशी की ती जागा गणपतीची. द्रौपदीने बजावले की आधी देव, मग तुमचा साप. मी ब्लॉकच्या छताला सागाच्या पट्ट्या मारल्या आणि स्वतः वर चढून बसून दाखवले. तेव्हापासून दर वर्षी गणपती वरच्या मजल्यावर बसतात, बाळू खाली. त्या पाच दिवसांत काचेवर द्रौपदीची जुनी साडी टाकायची आणि आरतीला ढोलकी वाजवायची नाही, कारण बाळूला हादरे बसतात. ही प्रथा पुढेही पाळावी. माझ्या चुलत भावाने गावभर सांगितले की धोंडूने देव सापाच्या डोक्यावर बसवला. त्याने घरी जाऊन गणपतीच्या पोटाला काय बांधले आहे ते एकदा नीट बघावे. मोदकांना मात्र त्याला बोलवत जा, तो एकटाच एकवीस खातो आणि बायकांना बरे वाटते.

कलम ५. रंधे, पटाशा, करवती आणि माझी लाकडी पेटी दिशाला. लहानपणी टेपचे दुसरे टोक तीच धरायची. ड्रिल मशीन राजेशला, ते तसेही त्याच्याकडेच आहे. बँकेत जे काही आहे ते द्रौपदीचे.

कलम ६. घर आणि बाळू. ऑपरेशनला जाण्याआधी केलेल्या मसुद्यात मी लिहिले होते की बाळूला दिशाने घाटकोपरला न्यावे. ती तयारही होती, पण तिच्याकडे जागा दोन फुटांच्या काचपेटीपुरती. राजेशचे म्हणणे होते की ब्लॉक फोडू, साप कोणाला तरी देऊ आणि आईला मुलुंडला नेऊ. सापाला घाबरणारी द्रौपदी यावर काही बोलत नव्हती, म्हणून तिला विचारावे असे दोघांनाही वाटले नाही. मलाही वाटले नाही.

बायपाससाठी मी इस्पितळात होतो तेव्हा बाळूला खायला घालायला राजेशला बजावून गेलो होतो. घरी आलो तो बाळूच्या काळजीत. गॅलरीतल्या छोट्या फ्रीजमधला, खास त्याच्यासाठी गोठवून ठेवलेला उंदीर काढून कोमट पाण्यात सैल केला आणि त्याच्यापुढे धरला, तर त्याने तोंड फिरवले. पोट तट्ट होते. राजेशला शाबासकी द्यायला फोन केला, तर तो गडबडून म्हणाला की त्याला यायला जमलेच नव्हते, आणि दिशाला वाटले राजेश येऊन गेला. द्रौपदी ओट्यापाशी बांगडे साफ करत होती. मी विचारले, तू घातलेस? मान वर न करता ती म्हणाली, "घरात एक जीव उपाशी आसताना माझ्या गळ्याखाली घास कसो उतरतलो?"

बाळूच्या काचेला तिने कधी बोट लावले नव्हते. भाकरी उलटण्याच्या चिमट्याला काठी बांधून, दुसऱ्या हाताने डोळ्यांवर पदर धरून तिने ते केले होते. मी हसू दाबत तिला सांगितले की अगं, हा साप महिनाभर न जेवता मजेत राहतो, त्याला चालते.

"त्याका चलत आसात," ती म्हणाली. "माका चलना नाय."

सबब, मसुदा फाडला आहे. माझ्यानंतर हे राहते घर, ब्लॉक आणि बाळू द्रौपदीच्या एकटीच्या मालकीचे. ती सांगेपर्यंत कोणीही एक स्क्रू काढू नये आणि तिला मुलुंडला नेण्याची घाई करू नये. उंदीर पकडायला नवा लांब चिमटा मी आणून ठेवला आहे.

सही: धोंडू महादेव मेस्त्री

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी हे वाचून दाखवले आणि सही केली. वाचताना ते दोनदा थांबले, पण मन खंबीर होते.

साक्षीदार:
१. डॉ. दर्शना सामंत
२. धम्मपाल भाऊराव गायकवाड

स्थळ: दहिसर पूर्व, मुंबई
दिनांक: १४ डिसेंबर २०२५