गोमाला घेऊन मात्सुमोतोला

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ६.४०
मिचियो मात्सुमोतोला बहिणीकडे गेली त्याला आज सोळा दिवस झाले. फुकिएचे गुडघे दुखतात म्हणे. सख्ख्या बहिणीचे गुडघे दुखले की जायलाच हवं. निघताना दारात म्हणाली, अहो, गोमाला तरी नीट सांभाळा. 'तरी'वर जोर होता असं मला वाटलं. पण ती घाईत होती.

ठरवलं. शनिवारी, ११ तारखेला, गोमाला घेऊन ट्रेनने मात्सुमोतो गाठायचं. तिला कळवायचं नाही. दार उघडताच समोर मी आणि शिस्तीत बसलेला कुत्रा. ती बघेल, बॅग भरेल, रविवारी आम्ही तिघं नागोयात परत.

एकतीस वर्षं डिपार्टमेंट स्टोअरमध्ये ग्राहकसेवेचा प्रमुख होतो. कोणापुढे किती अंशांत वाकायचं हे शेकडो मुलींना शिकवलं. एका कुत्र्याला चारचौघांत वागायला शिकवणं म्हणजे काहीच नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार
स्टेशनवर चौकशी. नियम चोख आहेत. कुत्रा डोक्यासकट पूर्ण बॅगेत हवा, आणि बॅग धरून वजन दहा किलोच्या आत. असे नियम वाचले की बरं वाटतं.

गोमाला कडेवर घेऊन न्हाणीघरातल्या काट्यावर उभा राहिलो. माझं वजन वजा केलं. गोमा ९.४. बॅग १.५. नऊशे ग्रॅम जास्त. हातात नऊ दिवस. रोज शंभर. सुटला प्रश्न.

कुत्र्यासोबत प्रवास व सार्वजनिक ठिकाणी वागण्याचे बारा नियम लिहून फ्रिजवर लावले. अक्षर छान आलंय.

४ ऑक्टोबर, शनिवार
नियम दुसरा: शीसाठी पिशवी सदैव खिशात. पिशवी घरी राहिली. गोमाने औषधाच्या दुकानाचं शटर वर जाता जाताच कार्यक्रम उरकला. रुमालाने उचललं. निरोपसमारंभात मिळालेला रेशमी रुमाल. दुकानदार बघत होता. मी पंचेचाळीस अंशांत वाकलो. तो वाकला नाही. लोकांना रीतच राहिली नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
बॅगेत बसायचा सराव. गोमा आत जाईना. बिस्किट टाकलं, गेला. बिस्किट संपलं, बाहेर. अकरा बिस्किटं झाली. ही वजनात धरायची नाहीत, हे शिक्षणाचं साहित्य आहे.

दुपारी घरात चैन पडेना. दोनदा स्टेशनपर्यंत चालत जाऊन आलो. उगाच.

६ ऑक्टोबर, सोमवार
कानामेबाईंच्या कॉफीच्या दुकानात. बाहेरच्या टेबलांवर कुत्रा चालतो. म्हटलं, सार्वजनिक ठिकाणची रंगीत तालीम होईल. नेहमीचं सकाळचं मागवलं: कॉफी, लोण्याचा जाड टोस्ट, उकडलेलं अंडं. गोमा टेबलाखाली. नियम चौथा.

शेजारच्या गृहस्थाने आपला कुत्रा चक्क खुर्चीवर बसवला होता. खुर्ची माणसांसाठी असते, हे मी त्याला सौम्य शब्दांत समजावून सांगितलं. वीसेक मिनिटं लागली. तेवढ्यात गोमाने माझा टोस्ट खाल्ला, मग त्या गृहस्थाचं अंडं. गृहस्थ कॉफी अर्धी टाकून गेले.

कानामेबाई टेबल पुसत म्हणाल्या, "ओगिहारासान, मिचियोसान यायच्या तेव्हा हा तीन-तीन तास इथे गप्प पडून असायचा."

मी म्हटलं, वाढतं वय आहे. गोमा सात वर्षांचा आहे.

मिचियो इथे तीन-तीन तास काय करायची, हे मला ठाऊक नव्हतं. कधीपासून, विचारलं. एप्रिलपासून, म्हणाल्या. मी मार्चअखेर रिटायर झालो. योगायोग.

८ ऑक्टोबर, बुधवार
गोमा ९.७. काटा बिघडलाय. माझंही दोन किलो जास्त दाखवतोय, म्हणजे नक्कीच बिघडलाय.

आजपासून गोमाला फक्त कोबी. सकाळी कोबी ठेवला. त्याने कोबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला माझ्या ताटातला मासा दिला. उद्यापासून कोबी.

संध्याकाळी मिचियोला फोन. काही सांगायचं नाही असं ठरलेलं होतं. दुसऱ्या मिनिटाला सांगून टाकलं. तिने तारीख दोनदा विचारून घेतली. आनंदाने असणार. मग म्हणाली, जेवायला या. मुक्कामाचं काही बोलली नाही. नवऱ्याला काय ते वेगळं सांगायचं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
हलकी कापडी बॅग आणली. सहाशे ग्रॅम. गोमा ९.६. एकूण १०.२. गोमाला दीड तास विंचरलं. केसांची भलीमोठी उशी निघाली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली: चाळीस ग्रॅम.

तरी हरकत नाही. सगळी तयारी झाली आहे. शर्टाला दोनदा इस्त्री केली.

११ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९.३०, ट्रेनमध्ये
स्टेशनवरच्या माणसाने बॅगेकडे नुसती नजर टाकली आणि म्हणाला, जा. मी म्हटलं, वजन करा. तो म्हणाला, राहू द्या आजोबा, दिसतंय. (आजोबा! मी एकसष्ट.) मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मागे रांग खोळंबली. शेवटी त्याने काटा आणला.

१०.४.

मी पाण्याची बाटली, टॉवेल, वाटी, खेळणं काढून खिशांत कोंबलं. ९.९. घरचा काटा बिघडलेलाच होता. रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

बाटली खिशात गळली. पँट पुढून ओली आहे.

गोमा बॅगेत गाढ झोपलाय. समोरच्या आजी म्हणाल्या, किती गुणी कुत्रा. त्यांना मी बाराही नियम सविस्तर सांगितले. सातव्याला त्या दुसऱ्या डब्यात गेल्या. मग कंडक्टर आला. मला वाटलं गोमाबद्दल असेल. इतर प्रवाशांना त्रास होतोय, जरा हळू बोलाल का, असं त्याने अतिशय अदबीने विचारलं. वाकणं मात्र उत्तम होतं त्याचं. तीस अंश, पाठ सरळ.

१२ ऑक्टोबर, रविवार. परतीच्या ट्रेनमध्ये
कालचं लिहायचं राहिलं. हॉटेलात टेबल नीट नव्हतं. फुकिएच्या घरी तीन खोल्या आहेत, पण एकीत कुंड्या आहेत.

स्टेशनवर फुकिए न्यायला आली. सायकलवर. गुडघ्यांना व्यायाम सांगितला असेल.

मिचियो फाटकात उभी होती. बॅगेची चेन उघडली आणि गोमाने असा काही आवाज काढला, जो मी सात वर्षांत ऐकला नव्हता. तो तिच्या अंगावर चढला. नियम नववा: माणसांच्या अंगावर उड्या नाहीत. मी आठवण करून दिली. तिने ऐकलं नसावं. मग माझ्या पँटीकडे पाहिलं. गोमाची बाटली गळली, मी म्हटलं. ती म्हणाली, असू दे.

जेवण झाल्यावर किल्ल्याच्या खंदकाकाठी बसलो. गोमा तिच्या पायाशी. माणसं गेली, मुलं गेली, बदकं गेली. हलला नाही. मी नियमांचा कागद तिला दिला. कौतुक करील असं वाटलं. तिने सावकाश, दोन्ही बाजू वाचल्या.

"अहो," ती म्हणाली, "परक्यांना त्रास होऊ नये म्हणून कुत्र्यासाठी बारा नियम लिहिलेत. माझ्याशी कसं वागायचं, याचा एखादा सुचला का कधी?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी नियमांची गरजच काय? तू घरची."

मला ते चांगलं उत्तर वाटलं होतं.

तिने कागदाची घडी घालून तो मला परत दिला. मग शांतपणे सांगितलं. इथे लायब्ररीत काम धरलंय. हिवाळाभर राहीन. पुढचं वसंतात बघू. गोमा इथेच राहू दे. मी विचारलं, फुकिएच्या गुडघ्यांचं काय? ती म्हणाली, "तिचे गुडघे कधीच दुखत नव्हते हो. मी तुम्हाला खरं सांगितलं असतं, तर तुम्ही माझी वाक्यरचना सुधारली असती."

वाक्यरचना नाही. फार तर सूर. पण ते मी बोललो नाही. बहुधा पहिल्यांदाच.

परतीची दोन तिकिटं मी आधीच काढली होती. तिला खिडकी आवडते म्हणून खिडकीची जागा घेतली होती. मी कडेच्या जागेवर बसलोय. खिडकीशी बसता येईल, कुणी हटकणार नाही. पण नको.

एकंदरीत प्रवास यशस्वी. गोमाविषयी एकही तक्रार नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७.१०
सहाला जाग आली. जोडे घातले, गोमाची दोरी शोधली, मग आठवलं. तरी गेलो. चालणं प्रकृतीला चांगलं.

तळ्याजवळ पांढऱ्या कुत्रीवाल्या बाई समोरून आल्या. गोमाला फिरवताना महिनाभर रोज भेटतात, थांबतात, हसतात, हवेबद्दल बोलतात. आज सरळ पुढे निघाल्या. मी नमस्कार केला आणि म्हटलं, मी ओगिहारा. त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, अर्धवट वाकल्या आणि कुत्रीची दोरी आखूड करून तिला आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं.

अनोळखी माणूस समोर आला की असंच करायचं असतं. त्यांची पद्धत अगदी बरोबर होती.