पातळ ब्रेड सांगितला होता

अहो,

सँडविच ओट्यावर झाकून ठेवलंय. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेला तो पातळ, कमी कॅलरीचा ब्रेडच मी आजही सँडविचला सांगितला होता. तरी जाड पांढराच आला, वर दुप्पट चीज! फोन करून दुकानदाराला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, "ताई, तुमची ऑर्डर आली की लगेच तुमच्याच नंबरवरून आजींचा फोन येतो. म्हणतात, पोरगं वाळून चाललंय, जाड ब्रेड घाला."

मोबाईल आतल्या खोलीत राहिलाय आणि मघापासून त्यावर कुणीतरी हळू आवाजात बोलतंय, म्हणून ही चिठ्ठी. मी बहिणीकडे झोपायला जातेय.

आईंना तुम्हीच सांगून बघा. माझं त्यांनी जिवंतपणीही कधी ऐकलं नाही.