आईच्या ताटातला भात

पुनर्वसन गावठाण, ता. शिरूर
१२ मे १९९९

तीर्थरूप मल्हारीमामांना भाचा हौसराव याचा डोकं जमिनीला टेकून नमस्कार.

मामा, तुमचा गुडघा कसा हाय? मामींचा खोकला गेला का? धरणाचं पाणी तुमच्या वाडीच्या खालीच थांबलं, आमचं घर खाली म्हणून आमी बुडालो. त्याचा तुमच्यावर राग न्हाई. (मामींवर थोडा हाय. निघताना आमची परात त्यांनी ठिवून घेतली.) हितं सगळं ठीक हाय. घर मिळालं शिरूर तालुक्यात, जमीन दौंड तालुक्यात, मधी भीमा. सायबाच्या नकाशात ती बोटभर होती, तवा त्यांना तरी काय बोलायचं?

काळजी एकच, तुमची बहीण. हितं दोन्ही येळंला बाजरीची भाकरी. मी काय, गडी माणूस, पडंल ते खातो. पण आईचा सगळा जन्म भातावर गेला, भाकरीनं तिचं पोट कसं भरायचं? रेशनचा तांदूळ शिजवला की दोन घास खाती, “वास येतो रं,” म्हणती आन् ताट माझ्याकडं सरकवती. अन्न वाया जाऊ नये म्हणून तो भात रोज मी संपवतो. (मला वास येत न्हाई.) असं आठ म्हैने चाललंय. आता उपाशी माणूस वाळायला पायजे, पण आईच्या अंगावर मूठभर मांस चढल्यागत दिसतं. शेजारच्या वच्छलाबाई म्हणत्या, ती सूज असंल. तवापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

म्हणून ठरवलं, आईसाठी घरचा भात पिकवायचा. कॅनॉलचं पाणी हायेच. मागल्या सोमवारी रीतीपरमाणं रोपासाठी राब रचला. खाली शेण, त्यावर पालापाचोळा, वर माती, आन् दिला पेटवून. राब भाजल्याबिगर रोपाला जोर येत न्हाई हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाबी ठावं. पण हितल्या लोकांनी जन्मात राब बघितलेला न्हाई, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. बांधाला लागून हितले जुने शेतकरी आण्णा, त्यांचा ऊस. धूर दिसल्याबरुबर आण्णा “आग! आग!” करत पळत आले, मागं बारा-पंधरा माणसं, घमेली, कळश्या, एक जण तर घोंगडी घिऊन. आण्णांनी मोटार चालू केली आन् अख्खा राब बुडवला. माझं रान पाण्याखाली जायची ही दुसरी खेप. मग सगळ्यांनी पाठीवर हात ठिवून धीर दिला, “थोडक्यात वाचलात, हौसराव!” एवढ्या धापा टाकणाऱ्या माणसांना खरं सांगायचं जिवावर आलं. मी हात जोडले आन् समद्यांना च्या पाजला.

बुधवारी परत पेटवला. परत आले. ह्या खेपंला टँकरसकट. मग सांगावंच लागलं. आण्णा म्हणाले, “म्हंजी बी पेरायच्या आधी तुम्ही रान जाळता?” मी म्हणलं, “व्हय.” त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. आता काडेपेटी घिऊन रानात जायची मला बंदी हाय. बिडीसुदीक आण्णा सोता पेटवून देत्यात.

असो. आमी मजेत हाय. मामींना दंडवत, पोरांना मुके.

तुमचा भाचा,
हौसराव

ता. क. : बाकी काय नको. परात ऱ्हाऊ द्या. फकस्त आंबेमोहोराचं पायलीभर बी येष्टीनं पाठवा. तुमच्या बहिणीच्या जिवाचा सवाल हाय.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायला घरात एक शित न्हाई (सगळी मीच संपवलेली), म्हणून वच्छलाबाईंच्या मागल्या दारी खळ मागायला गेलो. तर चुलीम्होरं आई! सोता थापलेली बाजरीची भाकरी, वर ठेचा, आन् वच्छलाबाईंना सांगती, “हौशाला भाताबिगर झोप लागत न्हाई. रेशनला येतो इवलासा. मी वास येतो म्हणलं तवाच तो खातो. त्याला कळू दिऊ नका, बाई.” मी तसाच मागं फिरलो. शेचाळीस वर्सांचा बाप्या मी, मिश्या हायेत. भिंतीआड उभा ऱ्हाऊन रडलो, मामा. पाकीट आता सुईदोऱ्यानं शिवतो.

ता. क. तिसरा : बी पाठवाच. पिशवीवर नाव मात्र आईचंच घाला.