सिनेमा संपू दे

नंदाखाल,
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

प्रिय लविना हिला,
बर्नार्ड अंकलचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या मम्मीचा गुडघा आता बरा, जिना चढते. वाऱ्याने वाडीतली केळी बरीच पडली. रविवारी मृतांचा दिवस होता. तुझ्या पप्पांची कबर आम्ही धुतली, फुलं आणि मेणबत्त्या लावल्या. तू येशील असं वाटलं होतं. फोन करणार होतो, पण फोनवर मी विषय बदलतो हे तुला माहीत आहे, म्हणून कागद घेतला.

मम्मीकडून कळलं की तू पुरातत्त्वाचं शिक्षण सोडलंस आणि पुण्यातच कुठल्या तरी ऑफिसात लागलीस. का सोडलंस ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. मला माहीत आहे.

मे महिन्यात तू विहिरीजवळचा धुण्याचा दगड उलटवलास, तेव्हा पहारीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मम्मी तीस वर्षं ज्याच्यावर कपडे आपटत होती, त्याच्या खालच्या अंगाला चंद्र-सूर्य, बाई आणि गाढव निघालं. मम्मीने तोंडावर हात ठेवला. तू म्हणालीस, "अंकल, हा गद्धेगळ आहे. दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याच्या आईला शिवी. जुना सातबाराच समजा, खाली धमकी दिलेली." पप्पा म्हणाले, "मग फोटो काढ आणि बिल्डरांना पाठव." तुला एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

तुला आठवत असेल, रविवारी मिस्सा आणि जेवण झालं की आम्ही दोघे भाऊ टीव्हीवर ते हिंदीत केलेले शापाचे सिनेमे बघायचो. वाळवंट, टोपीवाला संशोधक, थडगं, थडग्यावर लेख. मजूर पळून जातात, टोपीवाला पेटी उघडतो आणि मग एकेक जण मरतो. आधी कोण मरणार यावर आमची पैज असायची, हरेल त्याने चहा करायचा. पप्पा नेहमी जिंकायचे. दगड निघाल्यापासून ते तुला टोपीवाली म्हणायला लागले.

पुढच्याच रविवारी, १८ मेला, ते गेले. अचानक झालं. तू आदल्या दिवशीच पुण्याला परत गेली होतीस.

दफनाच्या दिवशी घरात बायका बसल्या होत्या. सालोमी आत्या म्हणाली, "दगड पालथा होता तो बरा होता. पोरीने उताणा केला आणि बाप गेला." तू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होतीस. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. तिसऱ्या दिवशी मीच गवंडी बोलावला, दगड पुन्हा पालथा घातला आणि चारी बाजूंनी सिमेंट भरलं. तू खिडकीतून बघत होतीस. लोकांच्या समाधानासाठी केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

वर मी 'अचानक' लिहिलं आहे. ते अचानक नव्हतं.

त्या दुपारी तसलाच सिनेमा लागला होता. मम्मी आत झोपली होती. पहिल्या जाहिरातींच्या वेळी पप्पा छाती चोळत म्हणाले, "बर्नार्ड, डावा हात भरून आलाय रे."

मी म्हणालो, "लागला शाप. टोपीवालीला फोन कर."

ते हसले. खरंच हसले. थोड्या वेळाने म्हणाले, "रिक्षा बघतोस काय? डॉक्टरला दाखवून येऊ."

तेव्हा पडद्यावर टोपीवाला थडग्यात उतरत होता. मी म्हणालो, "सिनेमा संपू दे."

ते पुन्हा बोलले नाहीत. तुझ्या पप्पांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायचे नाहीत. टॉवेलने घाम पुसत बसून राहिले. तो घाम मला दिसत होता. मी पंखा वाढवला.

सिनेमा संपल्यावर ते फाटकापर्यंत चालले. तिथे खाली बसले, ते उठले नाहीत. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखत होतं? मी म्हणालो, "आत्ताच."

शापबिप मी मानत नाही. गोखिवऱ्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, कशामुळे काय बिघडलं ते मला कळतं. पण सालोमी बोलली तेव्हा मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला सहा महिने गेले. सगळे दगडाकडे आणि तुझ्याकडे बघत होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. सिमेंट त्यासाठी होतं.

रविवारी कबरस्तानात मम्मीला सांगितलं. ती कबरीवर सांडलेलं मेण खरवडत होती. हात थांबले नाहीत. विचारलं, "किती वेळ?"

"पाऊण तास असेल."

"बरोबर सांग."

"पन्नास मिनिटं."

खरवडलेलं मेण तिने कागदात गोळा केलं. मग म्हणाली, "तिला लिही. मिनिटं पण लिही. पोरीला वाटतंय तिच्यामुळे गेले. लिहीत नाहीस तोवर माझ्या घरी जेवायला येऊ नको."

म्हणून लिहितो. रिक्षाचं ते बोलले तेव्हा तीन वाजले होते. आम्ही फाटकाशी पोचलो तीन पन्नासला. त्या वेळात नाक्यावर रिक्षा उभ्या होत्या. दवाखाना रविवार असूनही उघडा होता.

१६ तारखेला, रविवारी, पप्पांची सहा महिन्यांची मिस्सा आहे. नंतर सगळे घरी जेवायला येतील, सालोमीही येईल. जेवणाआधी मी उभा राहून हे सांगणार आहे. चारचौघांत मी कधी बोललेलो नाही. तू आलीस तर तुझ्यासमोर सांगेन, नाही आलीस तरी सांगेन. त्यासाठी तू येण्याची गरज नाही. मम्मीला भेटायला मात्र ये. आणि कॉलेजात परत नाव घालता येतं का, तेवढं विचार.

माफीचं एक पान लिहिलं होतं, ते फाडलं. आधी सगळ्यांसमोर बोलायला हवं.

तुझ्या पप्पांना थांबवून ठेवणारा,
बर्नार्ड