गावपळणीत कोणी मागे राहत नाही

परळ, मुंबई
ता. १२ जानेवारी १९५८

तीर्थरूप आयेच्या पायांवर बुधाजीचं डोकं. शेवंती, हे आयेला सावकाश वाचून दाखव.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आये, तुझे गुडघे कसे आहेत? शेक घेतेस ना?

गेल्या रविवारी आमच्या खोलीवर विमा कंपनीचा एजंट आला. आजारी पडलात तर खर्च कंपनी देणार, म्हणाला. सोबतच्या डॉक्टरने आम्हा गाववाल्यांच्या छात्या तपासल्या. मी पास झालो. शेजारच्या लवूला दमा निघाला, तर एजंटाने त्याचं नावच खोडलं. तुझंही नाव घाला म्हटलं, तर तुझं वय ऐकून तो हसला.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आमच्या आचऱ्यात देवाचा कौल मिळाला की गावपळण होते. अख्खा गाव वेशीबाहेर राहायला जातो. म्हातारी, आजारी, कोंबडीसुद्धा मागे ठेवत नाही. गेल्या खेपेला माझ्या आयेला ह्याच लवूने पाठीवर नेली. तुम्ही धडधाकट तेवढे नेणार आणि बाकीचे मागे टाकणार?"

वाटेत लवू धापा टाकत होता, तेव्हा आपण हसलो होतो गो.

लवू म्हणाला, "माझ्यासाठी तू कित्याक सोडतंस? सही कर." मी केली नाही. खोलीतल्या कोणीच केली नाही. त्याच्या घरी दम्याचं बोलू नका.

आता सरकारला अर्ज लिहिलाय. गावात दवाखाना द्या, येईल त्याला तपासा, कोणाचं नाव खोडू नका. अर्ज सोबत आहे. सरपंच आधी सही करायला बघतील. त्यांना थांबव. पहिला अंगठा तुझा.

तुझा हट्टी
बुधाजी